ऊन लागत नाहीये, म्हणजे ऊन नाही असं नाही: ट्रेक, त्वचा आणि अतिनील किरणं

ट्रेकला गेल्यावर ऊन किती आहे हे आपण कशावरून ठरवतो? चटका बसतोय का, यावरून. एप्रिलमध्ये राजगड चढताना सगळे टोप्या काढतात, सनस्क्रीन फासतात. तेच लोक जानेवारीत हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या वाऱ्यात बाह्या दुमडून दिवसभर बसतात, कारण "मस्त थंडी आहे यार". मग सोमवारी ऑफिसात नाकाचं साल निघायला लागतं.

गडबड अशी आहे की चटका देणारी किरणं वेगळी आणि कातडी जाळणारी किरणं वेगळी. सूर्यप्रकाशातली ऊब येते ती मुख्यतः अवरक्त आणि दृश्य प्रकाशातून. अतिनील किरणं एकूण ऊर्जेचा इतका छोटा हिस्सा असतात की त्यांची ऊब जाणवतच नाही, आणि ती ओळखणारं ज्ञानेंद्रिय आपल्या त्वचेत नाही. वारा ऊब उडवून नेतो, अतिनीलला तो काहीही करत नाही. शिवाय सनबर्नची लाली लगेच येत नाही. ती काही तासांनी दिसायला लागते आणि साधारण १२ ते २४ तासांत पूर्ण चढते. म्हणजे गजर वाजतो तेव्हा तुम्ही घरी पोचलेले असता.

जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनीलचे दोन भाग आहेत. यूव्ही-बी (२८० ते ३१५ नॅनोमीटर) आणि यूव्ही-ए (३१५ ते ४०० नॅनोमीटर). जमिनीवर यूव्ही-ए सुमारे ९५%, बी जेमतेम ५%. पण कातडी लाल करण्यात हे ५% वालेच पुढे! तरंगलांबी ३०० वरून ३३० नॅनोमीटरकडे सरकली की किरणांची भाजण्याची ताकद शेकडो पटींनी घटते. आणि ओझोन अडवतो तोही मुख्यतः याच आखूड तरंगलांबीच्या किरणांना. म्हणून किरणांना हवेतून किती लांबचा रस्ता कापावा लागतो, यावर सगळा खेळ अवलंबून आहे. सकाळी सूर्य तिरपा असतो, रस्ता लांब, यूव्ही-बी वाटेतच गळून जातं. कोवळं ऊन हा शब्द ज्याने कुणी काढला त्याला सलाम, कारण ते खरंच कोवळं असतं. कळसूबाईचा सूर्योदय बघताना सनस्क्रीनची चिंता करू नका, उतरतानाची करा.

त्यामुळे माझं आवडतं उपकरण अगदी फुकट आहे: तुमची सावली. सपाट जागी उभे राहा. सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे, फार काळजी नको. सावली आखूड असेल तर अंग झाका. आता गंमत बघा. पुणं साधारण १८.५ अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा दुपारी सूर्य सुमारे ४८ अंशांवर चढतो, म्हणजे सावली तुमच्यापेक्षा जराशी आखूडच पडते. थोडक्यात, सह्याद्रीत वर्षातला एकही महिना पूर्ण माफीचा नाही. शिवाय आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं आणि आपण बरेच पश्चिमेला, म्हणून खरी मध्यान्ह बाराला नाही तर साडेबाराच्या आसपास होते. "अकरापर्यंत खाली उतरू" ही योजना चांगली आहे. "दीड वाजला, आता ऊन उतरलं" हे मात्र चूक.

पावसाळ्यात काय? मे महिन्याच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटी सूर्य पुण्या-मुंबईच्या बरोबर डोक्यावरून जातो. मधल्या काळात काळ्याकुट्ट ढगांनी आभाळ भरलेलं असेल तर अतिनील खूप घटतं, हे खरं. पण पातळ, पांढुरक्या ढगांतून ते ८०% पर्यंत आत येऊ शकतं. आणि तुटक ढगांच्या कडांवरून प्रकाश विखुरतो तेव्हा काही क्षण निरभ्र आकाशापेक्षाही जास्त अतिनील खाली येतं.

उंचीचा बाऊ मात्र सह्याद्रीत करू नये. दर १००० मीटरला अतिनील साधारण १०% वाढतं. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा सोळा-सतरा टक्के जास्त. काळा बेसॉल्ट आणि गवत परावर्तनही फार करत नाहीत. हिमालयात गणितच बदलतं. ४००० मीटरवर उंचीमुळेच ४०% च्या पुढे वाढ, आणि ताजा बर्फ पडलेलं अतिनील ८०% पर्यंत परत वर फेकतो. तिथे टोपी घातलेल्या माणसाच्या नाकपुड्यांची खालची बाजू आणि हनुवटीखालची कातडी भाजते.

आता नेहमीचा प्रश्न: "आपण सावळे, आपल्याला काय होतंय?" यात तथ्य आहे. मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील शोषतं, आणि भारतीयांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण गोऱ्या युरोपीय लोकांपेक्षा पुष्कळच कमी आहे. उगाच घाबरवण्यात मला रस नाही. पण मेलॅनिन म्हणजे चिलखत नव्हे.

अतिनील पेशीत शिरलं की डीएनएमधली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशी हे जोड कापून दुरुस्त करते. एखादा राहून गेला तर तिथे उत्परिवर्तन होऊ शकतं. समज असा होता की प्रकाश थांबला की नवे जोड बनणं थांबतं. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या डग्लस ब्रॅश यांच्या गटाने सायन्स या नियतकालिकात वेगळंच दाखवलं. अतिनील दिवा बंद केल्यावर तीन तासांहून जास्त वेळ, अंधारात, मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींमध्ये नवे जोड बनतच राहिले. मेलॅनिन नसलेल्या पेशींत तसं झालं नाही. अतिनीलमुळे पेशीत तयार झालेली क्रियाशील रसायनं मेलॅनिनच्या तुकड्यांना उत्तेजित करतात, आणि ते ती ऊर्जा डीएनएला देऊन टाकतात. हे प्रयोग पेशी आणि उंदरांवरचे आहेत, आणि लालसर मेलॅनिन इथे जास्त उपद्रवी ठरलं, त्यामुळे यावरून थेट आपल्यावर उडी मारू नका. पण रखवालदारच अधूनमधून आतून कडी काढतो, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

सावळ्या त्वचेची रोजची अडचण वेगळी आहे: वांग आणि काळे डाग. आपल्या त्वचेत दृश्य प्रकाशसुद्धा रंगद्रव्य वाढवतो, आणि साधी सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेली, रंगाची छटा असलेली सनस्क्रीन घ्या.

सनस्क्रीनबद्दल एकच हिशोब करू. बाटलीवरचा एसपीएफ मोजतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावलेलं असतं. आपण बहुतेक वेळा त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावतो, मग ५० चा आकडा कागदावरच राहतो. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट भरेल एवढ्या दोन रेघा लागतात, साधारण ३ ग्रॅम. प्रत्येक हाताला तेवढंच. म्हणजे अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट असेल तर एका वेळी ९ ग्रॅम. घाम येतोच, म्हणून दर दोन तासांनी परत. सहा तासांत २७ ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब दोन ट्रेकमध्ये संपायला हवी. तुमची किती दिवस पुरते?

म्हणूनच माझ्या लेखी सनस्क्रीनचा नंबर दुसरा, कपड्यांचा पहिला. कपडा दोन तासांनी परत लावावा लागत नाही. पण कुठलाही चालत नाही: पातळ पांढरा सुती टीशर्ट अतिनीलचा पाचवा ते सातवा हिस्सा आत सोडतो, आणि घामाने भिजला की आणखी जास्त. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट उत्तम. क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी टाकते, म्हणून चहूकडून काठ असलेली टोपी घ्या, नाहीतर टोपीखाली पंचा मानेवर सोडा. मुंडासं बांधून मेंढरांमागे दिवस काढणारा धनगर आणि डोक्यावर पदर घेऊन भात लावणारी मावशी हेच करतात, फक्त त्यावर ब्रँडचं लेबल नसतं.

उरले डोळे. बर्फात चष्म्याशिवाय काही तास काढले तर बुबुळाचा पारदर्शक पडदा भाजतो, आणि रात्री तंबूत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. काच किती काळी आहे याला अर्थ नाही, यूव्ही ४०० लिहिलंय का ते बघा. आणि बर्फावर जाणार असाल तर बाजूनेही बंद असलेलाच चष्मा घ्या, कारण तिथे प्रकाश खालून आणि कडेनेही येतो.