बॉक्सएनमधला कोळसा खरा दिसावा म्हणून

विंचूरकरांना कोळशाच्या रेक नव्या नाहीत. लासलगाव-निफाड मार्गावरून एकलहरे वीजकेंद्राकडे जाणाऱ्या मालगाड्या आपण फाटकावर थांबून पाहिल्याच आहेत. एचओ म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेलमध्ये मात्र कोळशाचे बॉक्सएन, म्हणजे उघडे डबे, हमखास फसतात. कारण एकच, खडे फार मोठे! १० सें.मी.चं ढेकूळ या मापात जेमतेम १ मिमी भरतं.

लाकडी कोळसा नको, तो मंद दिसतो. लोहाराकडून मूठभर दगडी कोळसा आणा, जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडा (नाकाला रुमाल हवाच) आणि चहाच्या गाळणीने चाळा. डबा पूर्ण भरू नका, वजनाने इंजिन रडतं. थर्मोकोलचा तुकडा डब्यात सैल बसेल असा कापा, वॉटर कलरने काळा करा. स्प्रे पेंट मारलात तर थर्मोकोल विरघळेल. त्यावर फेविकॉल, मग चुरा. नंतर निम्मं पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ते ड्रॉपरने सोडा. साबणाशिवाय पाणी चुऱ्यावर गोळ्या होऊन बसतं.

आकारही बघा. लोडरने भरलेल्या डब्यात उंचसखल ढीग असतात, सायलोखाली भरलेल्यात माल सलग, सारखा. चोरी लगेच कळावी म्हणून काही ठिकाणी मालावर चुन्याचं पाणी शिंपडतात. तो फिकट पांढरा हात माझ्या मते सगळ्यात भाव खातो.

थर्मोकोलखाली लोखंडी वॉशर चिकटवा, चुंबकाने माल अलगद उचलता येईल. पुण्यात कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं नसेल तर जरूर पाहा. आणि तुमच्या डब्यांचे फोटो खाली टाका!