गृहिणीचे ताट

आहाराविषयी हल्ली विपुल लेखन प्रसिद्ध होते. त्यात नवनव्या पदार्थांची भर असते. पण घरात रोज जे शिजते त्याचा विचार क्वचितच केलेला आढळतो. शरीराचे पोषण सणावारी केलेल्या पक्वान्नांनी होत नसते. वर्षाचे बहुतेक दिवस जे साधे अन्न पोटात जाते, त्यानेच ते व्हावयाचे असते. म्हणून प्रस्तुत लेखात एकाही नव्या पदार्थाची कृती न देता, रोजच्या जेवणातील काही साध्या गोष्टींकडे आमच्या वाचकभगिनींचे, आणि तितक्याच आग्रहाने वाचकबंधूंचेही, लक्ष वेधण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणादाखल आम्ही धाराशिव जिल्ह्यातील तेरखेड्याच्या आसपासचा मुलूख घेतला आहे. बालाघाटच्या पठारावरील हे वाशी तालुक्यातील गाव सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर असून, तेथील फटाक्यांच्या कारखान्यांमुळे त्याचे नाव दूरवर ठाऊक झाले आहे. पाऊस बेताचा, जमीन कोठे काळी तर कोठे मुरमाड, आणि मुख्य अन्न ज्वारी. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या प्रांतात राजवट बदलली, पुढे जिल्ह्याचे नावही बदलले. पण काट्याच्या कडांच्या परातीत पीठ घेऊन भाकरी थापणारा हात मात्र घरोघर तसाच राहिला. देशस्थ घरांतूनही पोळी ही पाहुण्यांसाठी व सणासाठी, आणि भाकरी रोजची, अशीच वहिवाट होती.

ही वहिवाट गेल्या दोन पिढ्यांत ढळू लागली आहे. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली मिलो नावाची तांबूस ज्वारी लोकांनी नाइलाजाने खाल्ली, हे वृद्ध मंडळींस अद्याप स्मरते. पुढे शिधावाटप दुकानांतून गहू मिळू लागला. खरिपातील ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. आणि शिकलेल्या घरांत भाकरी ही गावंढळपणाची खूण ठरू लागली. नवल असे की, संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा हेच धान्य शहरातील दुकानांत सुबक पुड्यांतून अवतरले! आपल्याच घरातील वस्तू दुसऱ्याने वाखाणल्यावाचून तिचे मोल आपणांस कळू नये, ही गोष्ट काही भूषणावह नाही.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, तितकाच तंतुमय भाग आणि सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. मात्र गव्हातील ग्लूटेन नावाचा चिवट पदार्थ तिच्यात मुळीच नसल्यामुळे भाकरीस कौशल्य लागते. दळण आठ-दहा दिवसांपुरतेच आणावे. जुन्या पिठाची विरी जाते, चव कडवट होते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. पिठात उकळते पाणी घातले असता त्यातील पिष्ट फुलून चिकटपणा येतो, म्हणूनच आपल्या आज्या आधणाच्या पाण्यात पीठ भिजवीत. भिजवून ठेवून देऊ नये. एका भाकरीपुरता गोळा घेऊन तो तळहाताच्या मुळाने चांगला रगडून मळावा, हलक्या हाताने थापावा आणि तव्यावर टाकताच वरच्या अंगास पाणी फिरवावे. ते पाणी सुकत येताच भाकरी उलटावी. फार सुकू दिल्यास तिला भेगा पडतात. शेवटी निखाऱ्यावर किंवा गॅसच्या ज्योतीवर धरली म्हणजे पापुद्रा टम्म फुगतो. इतक्या बारकाव्यांची ही विद्या पुस्तकाने येत नाही. घरातील मुलामुलींनी आईजवळ उभे राहून ती घ्यावयास हवी.

भाकरीबरोबरचे कालवणही या मुलखाने मोठ्या शहाणपणाने जुळविले आहे. कधी येसराची आमटी, कधी कुळथाचे शेंगोळे, अंबाडीची किंवा तांदुळशाची पालेभाजी, हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला; शिवाय शेंगदाणा, कारळे किंवा जवस यांची चटणी, कांदा आणि ताक. धान्य, डाळ, पाला व तेलबी ही चारही एका ताटात येतात. मग इतके उत्तम अन्न असूनही घरातील स्त्रिया फिकट व थकलेल्या का दिसाव्यात? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हा प्रश्न आता केवळ गरिबांच्या झोपडीचा राहिलेला नाही, हे सुशिक्षित कुटुंबांनी नीट ध्यानात घ्यावे.

याचे एक कारण असे की, धान्य व भाजीपाल्यातील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्यावर आपल्या घरातच सोपे उपाय आहेत. लिंबातील क जीवनसत्त्व या लोहास अंगी लागण्यास साहाय्य करते. परंतु ते उष्णतेने नाश पावते, म्हणून लिंबू कढईत न पिळता ताटात पिळावे. डाव्या बाजूची लिंबाची फोड ही शोभेसाठी नव्हे! कडधान्ये भिजवून त्यांस मोड आणावेत. पीठ ताकात आंबवून आंबील करावी. या दोन्ही रीतींनी लोह अडवून धरणारी द्रव्ये कमी होतात. उलटपक्षी, जेवणावर लागलीच चहा घेण्याची सवय घातक आहे, कारण चहातील तुरट द्रव्ये त्या लोहास बांधून टाकतात. चहा आणि जेवण यांत किमान एक तासाचे अंतर असावे.

दुसरे कारण मात्र स्वयंपाकाच्या कृतीत नसून घराच्या रीतीत आहे, आणि त्याचाच विचार करणे आम्हांस विशेष अगत्याचे वाटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषास दररोज १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह आवश्यक आहे. म्हणजे तिची गरज पुरुषाच्या दीडपट होय. पण घराघरांतील पंगतीचा क्रम काय? प्रथम पुरुष व मुले, नंतर वडीलधाऱ्या बायका, आणि सर्वांमागून, तव्यापुढे तास दीड तास तापलेली सूनबाई. तिच्या वाट्यास चतकोर भाकरी, आमटीचे वरचे पाणी आणि पातेल्याच्या कडेची भाजी उरते. डाळ आणि पाला आधीच संपलेला असतो. ज्या ताटास सर्वांत अधिक हवे, त्याच ताटात सर्वांत कमी पडते. ती तक्रार करीत नाही, उलट "मला भूकच नाही" असे म्हणते. आणि आपण त्यास तिचा सोशिकपणा म्हणून वाखाणतो. आमच्या मते हा सद्गुण नसून घराने चालविलेला अन्याय होय, मग तो कितीही प्रेमळ घरात का होईना.

यावर कोणी म्हणेल की, गरम भाकरी वाढावयाची तर कोणास तरी चुलीपाशी राहिलेच पाहिजे. हा आक्षेप खरा आहे. पण ते 'कोणी तरी' रोज एकच का असावे? भाकऱ्या करून स्वच्छ फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवल्या, तर अर्धा तास मऊ राहतात. तेवढ्यात सर्व घर एका वेळी जेवू शकते. ज्यांस तव्यावरचीच भाकरी हवी, त्या घरांत शेवटच्या दोन भाकऱ्या यजमानांनी अथवा मोठ्या मुलाने भाजाव्यात. पहिल्या चार दिवशी त्या वाकड्या होतील, होईनात! आणि मागे जेवण्याचा प्रसंग आलाच, तर आमटी ढवळून, भाजीसह तिचा वाटा आधी वेगळा झाकून ठेवावा. उरले तर मिळेल, ही रीत घरातील कोणासही लावू नये.

असे एकत्र जेवणे या मुलखास काही अपरिचित नाही. मार्गशीर्ष अमावास्येस धाराशिव व लातूर भागात वेळ अमावास्या, म्हणजेच येळवस, साजरी होते. शेतात कडब्याची कोपी उभारून पांडवांची पूजा करतात. नंतर भज्जी, बाजरीची भाकरी, ज्वारीचे उंडे, आंबील आणि गव्हाची खीर असे वनभोजन होते. ज्यांस शेत नाही त्यांनाही आग्रहाने बोलाविले जाते. त्या दिवशी काळ्या आईच्या मांडीवर जी पंगत बसते, तीत घरची मंडळी, शेजारी व पाहुणे एकत्र जेवतात. वर्षातून एकदा शेतात जे घडते, ते रोज घरात घडावयास कोणता शास्त्रार्थ आड येतो?

आणखी एक सवय सांगावयाची राहिली. आपल्या घरांतील सोवळ्यात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या : एक स्वच्छता आणि दुसरी माणसामाणसांतील विटाळ. दुसरी टाकून देण्याजोगीच होती व आहे. पण पहिलीस आज नवे प्रयोजन लाभले आहे. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यांत सोरा, गंधक व अॅल्युमिनियमची भुकटी यांशी कामगारांचा संबंध येतो. ही द्रव्ये हातांवर, केसांत व वस्त्रांवर बसून घरात येऊ शकतात. अशा कामावरून परतल्यावर हातपाय धुऊन, शक्य तर स्नान करून, धुतलेले वस्त्र नेसल्यावाचून परातीस हात लावू नये, लहान मुलास जवळ घेऊ नये, आणि कामाचे कपडे निराळे धुवावेत. शेतात औषध फवारून येणाऱ्यासही हाच नियम लागू आहे. येथे जुने सोवळे आणि आजचे आरोग्यशास्त्र एकच भाषा बोलतात.

या सर्वांस पैसा लागत नाही. ताजे पीठ, ताटातील लिंबू, उशिरा घेतलेला चहा, धुतलेले हात आणि सर्वांची एक पंगत, एवढेच आमचे मागणे आहे. आपल्या घरात आज रात्री पाने मांडली जातील, तेव्हा वाचकांनी ती एकवार मोजावीत. घरातील माणसे जितकी, तितकी पाने आहेत की एक कमी आहे, हे पाहावे. आणि कमी असल्यास ते आपल्या हाताने मांडावे, इतकी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.