बेरीज जुळली, म्हणजे गणित सुटले?

कोयनानगरला वर्षाला साधारण 5000 मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला 50 किलोमीटरवरच्या कराडला पोहोचेपर्यंत तो 700 मिलिमीटरच्या आसपास उरतो. जागतिक हवामान प्रारूपे मात्र पृथ्वीचे 100-200 किलोमीटरचे चौकोन पाडतात. त्यात घाटमाथा आणि कराड एकाच सरासरी पावसाखाली येतात.

रसायन-हवामान प्रारूपात ही चूक पावसापुरती राहत नाही. तिथे वाऱ्यांसोबत ओझोन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि धूलिकण यांचाही हिशेब चालतो. पाऊस चुकला की हवेतून धुऊन गेलेले कणही चुकतात. उसाच्या पाचटाच्या लहान आगी तर उपग्रहांच्या नजरेतून सहज निसटतात, म्हणजे प्रारूपाला पुरवलेला धुराचा आकडाच अपुरा असू शकतो.

मग असे प्रारूप पारखायचे कसे? पुण्यात भारतीय हवामान विभाग डॉब्सन यंत्राने डोक्यावरचा एकूण ओझोन मोजत आला आहे. प्रारूपाचा आकडा त्याच्याशी जुळला, तर समाधान मानावे का? मुळीच नाही. वरच्या थरात ओझोन जास्त आणि खाली कमी धरला, तरी बेरीज जुळते. गणिताचे शिक्षक उत्तराइतकेच पायऱ्यांनाही गुण देतात, तसेच इथे करावे लागते. म्हणून फुग्यांतून पाठवलेल्या उपकरणांनी उंचीनुसार घेतलेल्या नोंदी मोलाच्या.

2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अहवालात 18 प्रारूपांची अशीच पायरीपायरीने तपासणी झाली. त्यात हवेचे 'वय'सुद्धा पाहिले गेले. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू वातावरणात वर्षानुवर्षे वाढतो आहे; वरच्या हवेत तो जितका कमी, तितका ती हवा जमिनीजवळून निघाल्याला जास्त काळ लोटलेला. ध्रुवांवरच्या उंच थरांत हा काळ चार-पाच वर्षांचा भरतो. प्रारूपातली हवा त्याहून तरुण निघाली, तर तिथले अभिसरण वाजवीपेक्षा वेगवान आहे, हे उघडे पडते. मला ही कसोटी सगळ्यांत सुंदर वाटते.

आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2012 पासून महाबळेश्वरला ढग आणि हवेतील कणांची प्रयोगशाळा चालवली आहे. ती समुद्रसपाटीपासून सुमारे 1350 मीटरवर आहे. प्रारूपातला सह्याद्री सरासरीमुळे कितीतरी बुटका. त्यामुळे तिथल्या नोंदी प्रारूपाच्या कोणत्या थराशी ताडायच्या, हे आधी ठरवावे लागते.

डोंगरमाथ्याइतकीच खालच्या खोऱ्याचीही नोंद हवी. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात ओझोन आणि सूक्ष्म कण वर्षभर, अखंड मोजले जावेत आणि ते आकडे सर्वांना खुले असावेत. कराड-सांगलीतल्या विज्ञान महाविद्यालयांनी ही मागणी लावून धरावी.