गटारातल्या वायूवर तांब्याचा पहारा

हायड्रोजन सल्फाइडचा खरा धोका त्याच्या दुर्गंधीत नाही, ती येईनाशी होण्यात आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे शंभरेक भाग झाले की काही मिनिटांतच नाक बधिर होतं. सडक्या अंड्यांचा वास गेला, म्हणजे वायू गेला असं खाली उतरलेल्या कामगाराला वाटतं. प्रमाण हजाराच्या घरात पोहोचलं, तर एकदोन श्वासांतच शुद्ध हरपू शकते. हवेपेक्षा जड असल्याने हा वायू मॅनहोलच्या तळाशी साचून राहतो. तिथे नाकाच्या भरवशावर राहून चालत नाही.

हा वायू टिपणाऱ्या संवेदकासाठी तांब्याचा ऑक्साइड फार गुणाचा आहे. तांब्याची स्वच्छ पट्टी उघड्या हवेत ४०० ते ७०० अंश सेल्सिअसला काही तास तापवली की ती काळी पडते. साध्या डोळ्यांना दिसतं ते एवढंच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्या काळ्या पृष्ठभागावर तारांचं रान माजलेलं दिसतं. एकेक तार ३० ते १०० नॅनोमीटर जाड आणि १५ मायक्रोमीटरपर्यंत लांब. पट्टीचा छेद घेतला तर तळाशी तांबं, त्यावर क्युप्रस ऑक्साइडचा लालसर जाड थर, वर क्युप्रिक ऑक्साइडची काळी पातळ साय आणि तिच्यातून उगवलेल्या तारा. खालच्या तांब्याचे आयन वर सरकत राहतात, त्यावर या तारा वाढतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात युनान शिया आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. ना निर्वात कक्ष, ना महागडी रसायनं!

क्युप्रिक ऑक्साइड हा अर्धवाहक. त्याच्या स्फटिकात तांब्याच्या काही जागा रिकाम्या असतात, त्यामुळे वीज वाहते ती धन प्रभाराच्या ‘होल्स’मधून. हवेतला ऑक्सिजन तारेला चिकटून तिचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि होल्स वाढवतो. हायड्रोजन सल्फाइड त्या ऑक्सिजनशी संयोग पावला की इलेक्ट्रॉन तारेत परततात, होल्स घटतात आणि रोध वाढतो. तार इतकी बारीक की पृष्ठभागावरची ही घडामोड तिच्या गाभ्यापर्यंत जाणवते. वायू आणखी वाढला तर गोष्ट उलटते: ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं, ते धातूसारखी वीज वाहून नेतं आणि रोध कोसळतो. हवेत तापवलं की सल्फाइडचं पुन्हा ऑक्साइड होतं आणि संवेदक पुढच्या खेपेला तयार.

याच रसायनाच्या जोरावर जपानमध्ये नोबोरू यामाझोए यांच्या गटाने १९९०च्या दशकारंभी टिन ऑक्साइडमध्ये कॉपर ऑक्साइड मिसळून या वायूसाठी विलक्षण संवेदनशील घटक बनवला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या जोडीवर काम झालं आहे. रावतभाटा आणि मणुगुरूच्या जड पाणी प्रकल्पांत हाच वायू वापरला जातो, तेव्हा त्यावर पहारा हवाच.

क्युप्रिक ऑक्साइड इतरत्रही उपयोगी आहे. लिथियम बॅटरीच्या ऋणाग्रासाठी त्याची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे ६७४ मिलिअँपिअर-तास, ग्राफाइटची ३७२. मात्र चार्ज होताना ते फुगतं आणि भेगाळतं. शिवाय स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत २००८ मध्ये फुप्फुसाच्या पेशींवर तपासलेल्या धातू-ऑक्साइडांच्या नॅनोकणांत कॉपर ऑक्साइडच सर्वांत घातक ठरला. म्हणून या तारा चिपवर घट्ट रोवलेल्याच हव्यात, सुटी भुकटी नको.

गटारात अडचण आहे ती बाष्पाची. पाण्याचे रेणू तारांवर ऑक्सिजनची जागा बळकावतात आणि संवेदकाचे आकडे ढळतात. प्रयोगशाळेतल्या कोरड्या हवेतले निकाल इथे पुरेसे नाहीत. भर पावसाळ्यात, तुंबलेल्या ड्रेनेजमध्ये चाचण्या व्हायला हव्यात. आणि संवेदक बसवला म्हणून माणसाला खाली पाठवण्याची मुभा मिळत नाही. सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. यंत्राने सफाई करणाऱ्या, झाकणाजवळ उभ्या असलेल्या पथकालाही हा वायू गाठतो. संवेदक हवा तो त्यांच्यासाठी, झाकण उघडण्याआधी.