मुखवट्यातला हर्मन आणि दालीचा हत्ती

'गुमनाम' मधलं 'जान पहचान हो' हे गाणं आज रात्री पुन्हा लावा आणि फक्त लक्ष्मी छायांच्या मानेकडे बघा. डोळ्यांवर मुखवटा, अंगात सोनेरी झगा आणि असा झटका की बघणाऱ्याचीच मान अवघडावी! मागे टेड लायन्सचा बँड, तोही मुखवटे लावून. १९६५ चा हा सिनेमा आपल्या राजा नवाथ्यांचा. आवाज रफींचा, पण पडद्यावर ओठ हलवत नाचतात ते हर्मन बेंजामिन. नाचही त्यांनीच बसवलेला. २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' हा अमेरिकन सिनेमा सुरू झाला तोच या गाण्यावर, आणि हर्मन अर्ध्या जगाला पाठ झाले. मुखवट्यातच, बिनानावाचे!

त्या काळाची खरी गंमत मला अशा माणसांत दिसते. संगीतकार शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची मांडणी करायचे सेबॅस्टियन डिसूझा आणि ठेक्याची बाजू सांभाळायचे दत्ताराम वाडकर. दोघेही गोव्याचे. संगीतकारानं चाल ऐकवायची, अरेंजरनं ती प्रत्येक वाद्यासाठी कागदावर उतरवायची आणि वादकांनी ते नोटेशन समोर ठेवून वाजवायचं. चर्चमध्ये लहानपणीच नोटेशन शिकलेली गोव्याची मंडळी त्यात पटाईत. त्यांच्या व्हायोलिन आणि ट्रंपेटशिवाय साठचं दशक कानाला ओळखूच आलं नसतं.

रेडिओचा किस्सा तर आपल्या पुण्याच्या माणसाचा. नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर शास्त्रीय संगीताचे कट्टर चाहते. त्यांच्या कारकिर्दीत, पन्नासच्या दशकात, आकाशवाणीवरची सिनेगीतं आटली आणि श्रोते थेट रेडिओ सिलोनला जाऊन मिळाले. १९५७ मध्ये विविध भारती आली, तरी साठच्या दशकातही बुधवारची रात्र रेडिओ सिलोनवरच्या अमीन सयानींचीच राहिली.

आता जानेवारी १९६८. मुंबईत, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत जॉर्ज हॅरिसन हजर! 'वंडरवॉल' सिनेमाचं संगीत करायला आलेला हा बीटल भारतीय वादकांसोबत बसला. स्टिरिओ मुद्रणासाठी यंत्र कलकत्त्याहून आणलेलं, आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज स्टुडिओत शिरायचे. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत झालं. त्यातली बासरी हरिप्रसाद चौरसियांची. मार्चमध्ये बीटल्सच्या 'लेडी मॅडोना' तबकडीच्या मागच्या बाजूला हे गाणं आलं. हॅरिसननं बांधलेलं गाणं बीटल्सच्या सिंगलवर यायची ही पहिलीच वेळ, आणि त्याची वाद्यं वाजली होती आपल्या मुंबईत!

एअर इंडियाचा थाट याहून वरचा. १९६७ मध्ये त्यांनी साल्वादोर दालीकडून ॲशट्रे करून घेतला. मध्ये शिंपला, कडेनं वेटोळं घातलेला साप, खाली आधाराला हंस आणि हत्ती. हंसाची मान उलटी धरली की हत्तीची सोंड दिसते, आणि सोंड उलटी केली की हंस! मानधन म्हणून दालीनं मागितलं हत्तीचं पिल्लू. ते खरंच विमानानं जिनिव्हाला गेलं आणि तिथून स्पेनमध्ये त्याच्या गावी पोहोचलं.

ठिपक्यांच्या फ्रॉकमधली अमूलची मुलगीही याच दशकातली, १९६६ ची. ती कागदावर उतरवली युस्टेस फर्नांडिस यांनी. 'अटरली बटरली' मधलं 'अटरली' सुचलं ते जाहिरातकार सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांच्या पत्नी निशा यांना.

तुमच्या घरात कुणी आजोबा-काकांनी त्या काळी स्टुडिओत वाजवलं असेल, तर कोणत्या गाण्यात काय वाजवलं ते त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. तबकड्यांवर ही नावं छापलीच जात नसत. आणि माळ्यावरच्या तबकड्या भंगारात देऊ नका. मऊ सुती फडक्यानं पुसा आणि उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की वाकतात.