नऊ विजयही अपुरे ठरले तेव्हा : नेब्रास्काच्या प्रशिक्षक-बदलांचा मागोवा

28 नोव्हेंबर 2003 रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने कोलोरॅडो विद्यापीठाचा त्याच्याच मैदानावर 31-22 असा पराभव केला. हंगामातील तो नववा विजय होता. पराभव केवळ तीन. दुसऱ्या दिवशी संघाचे मुख्य प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना पदावरून दूर करण्यात आले. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी नेब्रास्का राज्यात या दिवसाची चर्चा थांबलेली नाही. त्यानंतर आलेला प्रत्येक प्रशिक्षक, त्याचा प्रत्येक पराभव आणि त्याची गच्छंती याच एका निर्णयाच्या प्रकाशात पाहिली जाते. तो निर्णय चूक होता की अपरिहार्य होता, हा वाद तेथील घराघरांत पिढ्यांना विभागणारा ठरला आहे.

गोव्यात फुटबॉल म्हटले की पायाने खेळला जाणारा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकी फुटबॉल मात्र वेगळा. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा सहकाऱ्याकडे फेकायचा, चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे आणि प्रतिपक्षाची अंतिम रेषा ओलांडून सहा गुण मिळवायचे, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. व्यावसायिक संघांइतकीच, काही राज्यांत तर त्यांहूनही अधिक, लोकप्रियता तेथे विद्यापीठांच्या संघांना लाभते. खेळाडू हे विद्यार्थी असतात आणि तीन-चार वर्षांत ते निघून जातात. त्यामुळे संघाचा चेहरा म्हणून लोकांच्या स्मरणात राहतो तो प्रशिक्षकच.

एका राज्याचा एकच संघ

नेब्रास्काचे क्षेत्रफळ गोव्याच्या पन्नासपटीहून अधिक, परंतु लोकसंख्या अवघी वीस लाखांच्या घरात. मक्याची शेती आणि गुरेपालन यांवर जगणाऱ्या या राज्यात अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक साखळ्यांपैकी एकाही साखळीतील संघ नाही. साहजिकच लिंकन येथील राज्य विद्यापीठाचा फुटबॉल संघ हाच साऱ्या राज्याचा संघ झाला. 1923 मध्ये उभारलेल्या मेमोरियल स्टेडियममध्ये सामन्याच्या दिवशी पंचाऐंशी हजारांहून अधिक लोक लाल रंगाचे कपडे घालून जमतात. ओमाहा आणि लिंकन यांच्यानंतर त्या दिवसापुरते हे स्टेडियमच राज्यातील तिसरे मोठे शहर असते, असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. नोव्हेंबर 1962 पासून येथील सामन्यांची सर्व तिकिटे विकली जात आली आहेत.

1962 हे वर्ष योगायोगाचे नाही. त्याआधी सलग सहा हंगामांत संघाचे पराभव विजयांपेक्षा अधिक होते. त्या वर्षी वायोमिंग विद्यापीठातून बॉब डेव्हनी मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच हंगामात संघाने नऊ सामने जिंकले. 1967 व 1968 या दोन हंगामांत मात्र प्रत्येकी सहाच विजय मिळाले आणि प्रेक्षकांचा संयम सुटू लागला. डेव्हनी यांनी आक्रमणाची रचना बदलण्याचे काम टॉम ऑस्बर्न या तरुण सहायकाकडे सोपवले. पुढे 1970 आणि 1971 अशी लागोपाठ दोन वर्षे नेब्रास्का राष्ट्रीय विजेता ठरला. त्या वेळी व्यवस्थापनाने घाई केली असती, तर ही दोन विजेतेपदे आलीच नसती, हा दाखला जुने चाहते आजही देतात.

पंचवीस वर्षांची सलगता

1973 मध्ये डेव्हनी यांनी प्रशिक्षकपद ऑस्बर्न यांच्या हाती दिले आणि स्वतः क्रीडा संचालक म्हणून कायम राहिले. ऑस्बर्न यांचा काळ आज सुवर्णकाळ म्हणून ओळखला जातो. तथापि तो जगताना लोकांना तसा वाटत नव्हता. ओक्लाहोमा या कडव्या प्रतिस्पर्ध्याकडून पहिल्या पाच वर्षांत ते पाचही वेळा हरले. 1978 मध्ये त्या संघावर पहिला विजय मिळाला, परंतु त्याच हंगामाअखेरीस कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रस्ताव ऑस्बर्न यांच्यासमोर आला. ते तेथे जाऊन पाहणीही करून आले आणि अखेर त्यांनी नकार दिला. तो होकार असता, तर नेब्रास्काचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला असता.

जानेवारी 1984 मधील मियामीविरुद्धची लढत तर लोककथेचा भाग झाली आहे. शेवटच्या मिनिटात नेब्रास्का एका गुणाने मागे होता. सोपी किक मारून बरोबरी साधली असती, तरी राष्ट्रीय विजेतेपद बहुधा पदरात पडले असते. ऑस्बर्न यांनी विजयासाठी दोन गुणांचा अवघड प्रयत्न निवडला. तो फसला आणि सामना 31-30 असा गेला. पहिल्या राष्ट्रीय विजेतेपदासाठी त्यांना आणखी अकरा हंगाम वाट पाहावी लागली. ते 1994 मध्ये आले, तेव्हा प्रशिक्षक म्हणून त्यांचा बाविसावा हंगाम सुरू होता. पाठोपाठ 1995 आणि 1997 चीही विजेतेपदे आली. पंचवीस वर्षांत 255 विजय, 49 पराभव आणि एकाही हंगामात नऊहून कमी विजय नाहीत, अशी कामगिरी नोंदवून ते निवृत्त झाले.

‘नऊ’ या आकड्याचे वजन येथून सुरू होते. 1969 ते 2001 या सलग 33 हंगामांत संघाने प्रत्येक वेळी किमान नऊ सामने जिंकले होते. ज्यांचा जन्म या काळात झाला, त्यांच्या लेखी नऊ विजय हे यश नव्हते, तर ती किमान अपेक्षा होती.

2003 : एक निर्णय, दोन वाचने

सोलिच हे डेव्हनींच्या संघातील जुने खेळाडू आणि ऑस्बर्न यांचे दीर्घकालीन सहायक. सहा हंगामांत त्यांनी 58 सामने जिंकले, 19 गमावले. 1999 मध्ये बिग ट्वेल्व्ह गटाचे विजेतेपद मिळवले, तर 2001 मध्ये संघाला राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत नेले. तथापि त्याच वर्षी कोलोरॅडोकडून 62-36 आणि नंतर मियामीकडून 37-14 असे दोन दारुण पराभव झाले. 2002 मध्ये सात विजय, सात पराभव. चाळीस वर्षांची परंपरा तुटली. सोलिच यांनी सहायकांची फळी बदलली आणि 2003 मध्ये संघ पुन्हा नऊ विजयांवर आला. नवे क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांना मात्र ते पुरेसे वाटले नाही. ओक्लाहोमा आणि टेक्सास पुढे निघून जात असताना नेब्रास्काने सामान्य दर्जावर समाधान मानू नये, ही त्यांची भूमिका होती.

पुढची चाळीसएक दिवसांची शोधमोहीम संपली ती व्यावसायिक फुटबॉलमधून आलेल्या बिल कॅलाहन यांच्यापाशी. त्यांनी नेब्रास्काची जुनी ओळखच बदलली. क्वार्टरबॅकने चेंडू घेऊन पळत राहायचे आणि तो स्वतःकडे ठेवायचा की बाजूच्या सहकाऱ्याकडे द्यायचा, हे शेवटच्या क्षणी ठरवायचे, हा ‘ऑप्शन’ खेळ मागे पडला. त्याची जागा फेकीवर आधारलेल्या आक्रमणाने घेतली. 2004 मध्ये टेक्सास टेकने 70-10 अशी धूळ चारली. पाच विजय आणि सहा पराभवांच्या त्या हंगामात हंगामोत्तर ‘बाउल’ सामन्यांत खेळण्याची 35 वर्षांची सलगता खंडित झाली. 2007 मध्ये कॅन्ससने 76 गुण केले. ऑक्टोबरमध्ये पेडरसन गेले आणि क्रीडा संचालकाच्या खुर्चीत ऑस्बर्न परतले. नोव्हेंबरमध्ये कॅलाहन यांनाही निरोप मिळाला.

चाहत्यांची दोन वाचने येथून निघतात. पहिल्या वाचनानुसार 2003 चा निर्णय हेच सर्व दुःखाचे मूळ होय. नऊ विजय मिळवणाऱ्या घरच्या माणसाला काढले आणि त्याची शिक्षा पुढे मिळत राहिली. दुसऱ्या वाचनानुसार घसरण आधीच सुरू झाली होती आणि सोलिच यांचे जाणे हा तिचा परिणाम होता.

दुसऱ्या वाचनाला भक्कम आधार आहेत. पूर्वी शिष्यवृत्तीधारक खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा नव्हती. ती 1973 मध्ये 105, 1978 मध्ये 95 आणि नव्वदच्या दशकात 85 वर आली. त्यामुळे श्रीमंत संघांना गुणी खेळाडूंचा साठा करता येईना आणि इतरांनाही वाटा मिळू लागला. 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीवरील सामन्यांची मध्यवर्ती मक्तेदारी मोडली. मग हळूहळू प्रत्येक विद्यापीठ पडद्यावर दिसू लागले. 1969 मध्ये बॉईड एपली यांच्या हाती वजन-प्रशिक्षण सोपवून नेब्रास्काने जी आघाडी घेतली होती, तिचे अनुकरण सर्वत्र झाले. वीस लाख लोकवस्तीच्या राज्यात अव्वल खेळाडू मोजकेच निपजतात. बाकीचे दूरवरून आणावे लागतात. ज्या खास सोयींच्या बळावर ते येत, त्या आता सर्वांकडेच होत्या. प्रशिक्षक कोणीही असता, तरी ही वस्तुस्थिती बदलली नसती.

त्याच चुकीची पुनरावृत्ती?

असे असले, तरी पहिले वाचन मोडीत निघत नाही. कारण पुढे तेच नाटक पुन्हा घडले. 2008 पासून बो पेलिनी यांनी सात हंगामांत प्रत्येक वेळी नऊ किंवा दहा सामने जिंकले. 2009 मध्ये गटाच्या अंतिम सामन्यात घड्याळात एक सेकंद परत बहाल केला गेला आणि टेक्सासने 13-12 असा विजय हिरावून घेतला. 2012 मध्ये, नेब्रास्का बिग टेन गटात गेल्यानंतर, विस्कॉन्सिनने अंतिम सामन्यात 70-31 असे नमवले. गटाचे विजेतेपद पेलिनी यांना एकदाही मिळाले नाही. त्यांचा स्वभावही तापट होता. प्रेक्षकांविषयी त्यांनी खासगीत काढलेले अपशब्द 2013 मध्ये ध्वनिफितीद्वारे बाहेर आले आणि त्यांना माफी मागावी लागली. नोव्हेंबर 2014 मध्ये, पुन्हा नऊ विजय आणि तीन पराभव अशा हंगामानंतर, त्यांना काढण्यात आले.

त्यांच्या जागी आलेल्या माईक रायली यांनी तीन वर्षांत 19 सामने जिंकले आणि तितकेच गमावले. मग आशेने परमोच्च बिंदू गाठला तो स्कॉट फ्रॉस्ट यांच्या आगमनाने. 1997 च्या विजेत्या संघाचा हा क्वार्टरबॅक नेब्रास्काचाच भूमिपुत्र आणि प्रशिक्षक म्हणून नुकताच सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाला अपराजित हंगाम देऊन आलेला. घरचा मुलगा घर सावरेल, अशी भावना राज्यभर होती. प्रत्यक्षात 16 विजय आणि 31 पराभव झाले. 2021 मधील नऊही पराभव दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने झाले. सप्टेंबर 2022 मध्ये जॉर्जिया सदर्नकडून हार पत्करताच त्यांना निरोप दिला गेला. जेमतेम तीन आठवडे थांबले असते, तर भरपाईची रक्कम निम्म्यावर येणार होती. विद्यापीठाने तेवढीही वाट पाहिली नाही आणि सुमारे दीड कोटी डॉलर मोजण्याचे मान्य केले.

फ्रॉस्ट प्रकरणाने पहिल्या वाचनातील एक कच्चा दुवा उघड केला. ‘बाहेरच्या माणसाने परंपरा बिघडवली’ हे स्पष्टीकरण येथे लागू पडत नव्हते. परंपरेच्या गाभ्यातून आलेला माणूसही अपयशी ठरला. त्याच वेळी दुसऱ्या वाचनालाही मर्यादा आहेत. काळ बदलला हे खरे. परंतु बदललेल्या काळातही सोलिच आणि पेलिनी नऊ विजय मिळवतच होते, आणि ते दोघे गेल्यावर आकडा दोन्ही वेळा खाली आला. चूक बहुधा दोघांना काढण्यात जेवढी होती, त्याहून अधिक ती पुढे कोण आणि कोणत्या पद्धतीने खेळवणार याची तयारी नसताना काढण्यात होती. 1973 मध्ये डेव्हनींचा उत्तराधिकारी वर्षानुवर्षे शेजारच्या खोलीत घडत होता. 2003 मध्ये मात्र आधी जागा रिकामी झाली आणि मग शोध सुरू झाला.

मॅट रूल यांनी 2023 पासून सूत्रे हाती घेतली. पहिल्या हंगामात पाच विजय मिळाले. 2024 मध्ये सात, आणि 2016 नंतर प्रथमच संघ बाउल सामन्यात खेळला व जिंकला. ज्या राज्यात कधीकाळी नऊ विजय अपुरे ठरले होते, तेथे या सात विजयांचे मनापासून स्वागत झाले.

सोलिच यांचेही एक प्रकरण शिल्लक होते. नेब्रास्का सोडल्यानंतर ते ओहायो विद्यापीठात गेले आणि तेथील मिड-अमेरिकन गटाच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारे प्रशिक्षक ठरले. लिंकनच्या स्टेडियमपासून मात्र ते दूरच राहिले. एप्रिल 2023 मध्ये, रूल यांच्या कारकिर्दीच्या आरंभी, संघाच्या वसंतकालीन सराव-सामन्याला त्यांना सन्मानाने बोलावण्यात आले. सुमारे वीस वर्षांनी ते त्या मैदानावर आले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांचे टाळ्यांच्या गजरात स्वागत केले.