राखणीचा दिवस
भिवंडी तालुक्यातल्या एका पशुवैद्याचा जानेवारीतला दिनक्रम

पहाटे 5.30
दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कसारा आणि माळशेज उतरून ठाणे जिल्ह्यात येतात. भाताची कापणी उरकलेली असते, खाचरं मोकळी असतात, बांधांवर चारा असतो. शेतकरी स्वतः बोलावून मेंढ्या शेतात बसवून घेतो. रात्रभराच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं आणि धनगराला त्याचं धान्य नाहीतर रोकड. पाऊस जवळ आला की वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, पुन्हा देशावर जातो, कारण कोकणातल्या चिखलात दख्खनी मेंढीचे खूर कुजतात. असाच एक वाडा अनगावच्या बाजूला उतरला आहे. आज त्यांच्या कुत्र्यांना लस टोचायची आहे. कळप चरायला सुटण्याआधी पोचायला हवं, म्हणून लसीच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून निघतो.

6.30
गाडी बांधापाशी थांबते आणि कुत्री भुंकत पुढे येतात. वाघुरीच्या जाळीआड मेंढ्या बसून आहेत, एकही दचकत नाही. कुत्र्याच्या आवाजाची त्यांना जन्मापासून सवय असते. म्हाताऱ्या आजीने हाक मारल्यावरच मला वाट मिळते.

धनगरी कुत्र्याचा रंग काळा, तांबडा, कबरा, कसाही असतो. बघायचं असतं ते वागणं. मेंढीवर दात धरणारं पिल्लू वाड्यात टिकत नाही. परक्याला अडवणारं आणि कोकराला चाटणारं टिकतं. पिढ्यान् पिढ्या अशी निवड होत आली. पिल्लू डोळे उघडतं ते मेंढ्यांच्या वासात, खेळतं कोकरांबरोबर. साधारण तिसऱ्या ते सोळाव्या आठवड्यात कुत्र्याच्या मनात ‘आपले कोण’ हे पक्कं होतं. अमेरिकेत रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी 1970च्या दशकात युरोपातून राखणदार कुत्री नेऊन मेंढपाळांना दिली आणि त्यांचा अभ्यास केला, त्यातही या लहानपणाच्या सहवासाचं महत्त्व ठळकपणे पुढे आलं. आमच्या धनगरांनी ते वापरातून कधीच ओळखलं होतं.

“डाक्टर, ह्या धाकट्यालाबी टोचायचं का?” आजी विचारतात.
“आजी, तीन महिने भरले का त्याला?”
“दिवाळीच्या आदीचा हाय त्यो.”
“मग टोचू या. पुढच्या वर्षी पुन्हा, आणि मग दरसाल.”

रेबीजची लस सगळ्यांना देतो. कळपाबरोबर शेकडो मैल चालणारं कुत्रं वाटेत कोणत्या गावकुत्र्याशी, कोणत्या कोल्ह्याशी भिडेल सांगता येत नाही. त्याला रेबीज झाला तर मेंढ्या, घोडी, पोरं सगळ्यांना धोका. आजींच्या सुनेला सांगून ठेवतो: कुणाला चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

7.30
आता जंताचं औषध. वाड्यातली एक मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरते आहे. तिच्या मेंदूत पाण्याची गाठ आहे, आणि त्या गाठीचं मूळ कुत्र्याच्या आतड्यात असतं. मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्याने खाल्लं की त्यातून पट्टकृमी त्याच्या पोटात वाढतो. अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, गवत मेंढी खाते, आणि फेरा पुरा होतो. दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे मेंढीच्या आणि माणसाच्याही यकृतात, फुप्फुसात गाठी होतात. म्हणून कुत्र्यांना प्राझिक्वान्टेलची गोळी ठरलेल्या अंतराने द्यायची. कच्चं डोकं, कच्चं यकृत-फुप्फुस कधीच नाही. चांगलं उकळून घालायचं नाहीतर खोल पुरायचं. मेंढ्यांच्या औषधाला पैसे काढणारा धनगर कुत्र्याला पुष्कळदा विसरतो. या गोळीचा खर्च मेंढ्यांच्या खात्यावर लिहा, असं मी त्यांना दर वेळी सांगतो.

8.30
वाघूर उठते. घोडीवर बिऱ्हाड चढतं, आजची रात्र पलीकडच्या गावात. मेंढके शीळ घालून, काठीने दिशा देऊन कळप वळवतात. कुत्री बाजूने, मागून चालतात. मेंढ्या हाकणं हे त्यांचं मुख्य काम नाही. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरचा बॉर्डर कोली नजर रोखून, दबकत मेंढ्या वळवतो. ती शिकाऱ्याचीच चाल आहे, फक्त शेवटचा घास तेवढा काढून टाकलेला. आजच्या सगळ्या बॉर्डर कोलींचा मूळपुरुष मानला जाणारा ओल्ड हेम्प 1893 साली नॉर्थम्बरलँडमध्ये जन्मला. धनगरी कुत्र्यात ती शिकारी चाल दिसली तर घात होईल. देशावर त्याने लांडगा थोपवायचा, इकडे तुंगारेश्वर आणि तानसाच्या रानालगत बिबट्या. तेही शक्यतो भुंकून आणि आडवं उभं राहून. बिबट्या मान धरतो, म्हणून हिमाचलातले गद्दी आपल्या कुत्र्यांना लोखंडी खिळ्यांचे पट्टे घालतात.

12.30
दवाखान्यात तबेल्यांच्या म्हशींचे रिपोर्ट बघून जेवायला बसतो. वाड्याची कुत्री या वेळी झाडाच्या सावलीत असतील. खंडोबाच्या चित्रांत, टाकांवर घोड्याबरोबर कुत्रा असतो. धनगरांच्या देवाजवळच त्याला जागा आहे. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी हे धनगर आणि त्यांचे देव पायी हिंडून अभ्यासले, 1976 साली बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर ग्रंथ लिहिला. देवाजवळ जागा मिळालेल्या या जनावराला लसीच्या यादीतही जागा मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

4.30
नाशिक महामार्गाकडच्या गोदामांच्या पट्ट्यात एक अल्सेशियन बघायला जातो. सिमेंटच्या अंगणात, तीन हात साखळीला बांधलेला. मागचे पाय उठताना अडखळतात.

हाही मूळचा मेंढ्यांचाच कुत्रा. 1899 साली जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथे घोडदळातला अधिकारी माक्स फॉन स्टेफानिट्झ याने एक मेंढपाळी कुत्रा पाहिला, विकत घेतला, त्याला होरांड फॉन ग्राफराथ हे नाव दिलं आणि जर्मन शेफर्डच्या वंशावळीत त्याची पहिली नोंद केली. तिथे उभ्या पिकांच्या मधून मेंढ्या न्यायच्या असत. कुत्रा दिवसभर शेताच्या कडेने येरझारा घालून कळपाला पिकात शिरू देत नसे. तो चालतं कुंपण होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रजांनी जर्मन नाव टाळून त्याला अल्सेशियन म्हटलं, ते आपल्याकडे रुजलं.

म्हणजे या रक्ताला मैलोन् मैल चालण्याची ओढ आहे. वर खुब्याच्या सांध्याचा दोष या जातीत पिढीजात येतो आणि वजन वाढलं की तो बळावतो. रखवालदार काकांना सांगतो, “काका, एक्स-रे काढून घेऊ. तोवर सकाळ-संध्याकाळ मातीवर हळूहळू फिरवा, पळवू नका. वजन कमी करायला हवं. साखळी काढून फाटकाच्या आत मोकळा सोडा.” अंगावरचे केस उन्हाळ्यातही भादरायचे नाहीत, दुपदरी केसांचा थर ऊनही अडवतो, रोज विंचरायचे. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड हाताने चाचपायचे, कारण गोचिडाच्या तापात कुत्र्याचं रक्त झपाट्याने कमी होतं.
“माझ्या हातचं खातो, साहेब,” काका म्हणतात. “फिरवीन मी.”

रात्री 9.30
नोंदवही भरतो. अनगावच्या वाड्याची पुढची जंताची गोळी एप्रिलमध्ये, ते घाट चढण्याआधी. अल्सेशियनला दहा दिवसांनी पुन्हा बघायचं.

घरी मेंढपाळी जातीचं पिल्लू आणू म्हणून विचारणाऱ्यांना मी आधी त्यांचाच दिनक्रम विचारतो. रोज दोन तास त्याच्याबरोबर चालायला, त्याच्या डोक्याला काम द्यायला घरात कोण मोकळं आहे? कोणीच नसेल तर ते पिल्लू घेऊ नये. शेकडो वर्षं माणसाने या कुत्र्यांना कामासाठी घडवलं. ते काम, नाहीतर त्याच्या तोलाचं दुसरं काही, त्यांना रोज देणं हे पाळणाऱ्याचं देणं आहे. लस, गोळी आणि विंचरणं त्यानंतर येतं.